हातोहात फिरलेला रेडिओ : वऱ्हाडातील श्रवणाच्या इतिहासाचे एक पान

वडील गेल्यानंतर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. जिनाच्या हिशेबाचे कागद, एलआयसीच्या पावत्या आणि तळाशी सुतळीने बांधलेल्या दोन लहान वह्या निघाल्या. दोन्ही वह्या रेडिओच्या लायसन्सच्या होत्या. एक वडिलांच्या नावाची, 1968 पासूनची. दुसरी त्याआधीची, गावातल्या एका अडत्याच्या नावाची. दोन्हीत पेनाने लिहिलेला सेटचा नंबर मात्र एकच होता. रेडिओ एक आणि धनी दोन, हे या वह्यांनी सांगितले आणि या लेखाची सुरुवात तिथेच झाली.

आपल्याकडे रेडिओचा इतिहास बहुतेक केंद्रांचा आणि कार्यक्रमांचा लिहिला जातो. श्रोते किती होते हे सांगायची वेळ आली की लायसन्सचा आकडा पुढे केला जातो. हा आकडा खोटा नाही, पण तो अपुरा आहे. कापसाच्या मुलखात रेडिओ बऱ्याच घरांत शिरला तो नव्या खोक्यातून नव्हे, तर दुसऱ्याच्या घरून. ही जुन्या सेटची वाट आकड्यात दिसत नाही. ती शोधायची तर हातात पैसा कमी असलेल्या माणसाने जुना सेट कसा पारखला, कसा घेतला आणि कसा सांभाळला, हे पाहावे लागते.

आधी पार्श्वभूमी पाहू. मुंबईचे केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले. ते चालवणारी खासगी कंपनी 1930 मध्येच गुंडाळली गेली आणि काम सरकारकडे आले. 1936 मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. वऱ्हाडाला जवळचे म्हणता येईल असे नागपूर केंद्र मात्र 16 जुलै 1948 रोजी उघडले. तोवर आमच्या भागात रेडिओ म्हणजे जिनवाले, वकील, डॉक्टर आणि मोठे मालगुजार यांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती.

धामणगावची जागा यात महत्त्वाची आहे. 1867 मध्ये मुंबईहून निघालेली लोहमार्गाची रेघ नागपूरला पोचली, आणि त्या रेघेवरचे आमचे स्टेशन कापसामुळे वाढले. यवतमाळ या मोठ्या मार्गावर नाही. त्यामुळे तिकडचा माल आणि माणूस धामणगावला चढायचा, उतरायचा. जिन-प्रेस, अडत, दलाली यांमुळे रोख पैसा इथे फिरत असे, आणि पैसा फिरतो तिथे वस्तूही फिरतात. शेठजींच्या घरी नवा सेट आला की जुना दिवाणजीकडे जाई, दिवाणजीकडून खेड्यातल्या सोयऱ्याकडे, आणि शेवटी एखाद्या चहाच्या टपरीवर. गेल्या काही वर्षांत धामणगाव, चांदूर आणि पुलगावकडच्या जुन्या मेकॅनिकांशी बोललो, तेव्हा ही उतरंड सगळ्यांनी जवळपास सारख्याच शब्दांत सांगितली.

सरकारी प्रयत्नांतून खेड्यात रेडिओ पोचला नाही असे नाही. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी श्रवण-मंडळांचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, तो तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या 5 जिल्ह्यांतल्या 150 गावांत. आमचा वऱ्हाड त्या वेळी मध्य प्रदेशात होता, 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. म्हणजे त्या प्रयोगाचा लाभ आमच्या वाट्याला आला नाही. आमच्याकडे ज्याने त्याने आपली सोय पाहिली.

ही सोय 1960 नंतर स्वस्त झाली, कारण ट्रान्झिस्टर आला. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत 1947 च्या डिसेंबरात लागलेला हा शोध पंधराएक वर्षांत आमच्या बाजारात खांद्याला अडकवायच्या रेडिओच्या रूपाने दिसू लागला. ज्यांच्याकडे ऐपत होती त्यांना तो हवासा झाला. मग त्यांच्या घरातले लाकडी पेटीचे, व्हॉल्व्हचे मोठे सेट निघू लागले. नेमक्या त्याच काळात लहान गावांत वीज पसरत होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 20 जून 1960 रोजी स्थापन झाले. नव्याची हौस एकाला आणि नव्या विजेची जोड दुसऱ्याला, यातून जुन्या सेटचा बाजार उभा राहिला.

वडील तेव्हा एका जिनात कारकून होते. त्यांनी अडत्याकडून पाच व्हॉल्व्हचा मर्फी घेतला तो 85 रुपयांना, कापसाचा हंगाम सरल्यावर, तीन हप्त्यांत. आईचे म्हणणे होते की त्या पैशात वर्षाची ज्वारी भरावी. हा वाद आमच्या घरात पुढे कित्येक वर्षे चेष्टेचा विषय होता, पण त्या वर्षी तो चेष्टेचा नव्हता.

जुना सेट घेताना काय पाहत, ते एका वृद्ध मेकॅनिकने मला त्याच्या भाषेत सांगितले. “रातच्याले त दगडबी वाजते, भाऊ. दिवसा वाजवून दाखवा म्हना.” यात पक्के विज्ञान आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा वातावरणाच्या वरच्या एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि लांबची केंद्रेही स्पष्ट येतात. त्यामुळे दुबळा सेटही रात्री दमदार वाटतो. दुपारी बारा वाजता नागपूर नीट लागले, तरच सेटमध्ये जीव आहे असे समजायचे.

दुसरी परीक्षा आवाजाचे बटन पूर्ण खाली करण्याची. तरीही घुंऽऽ असा आवाज राहिला तर फिल्टरचे कंडेन्सर सुकले आहेत असे मेकॅनिक सांगत. तिसरी व्हॉल्व्हची. व्हॉल्व्ह उजळतो म्हणजे तो चांगलाच आहे असे नाही. आतला कॅथोड थकला असेल तर उजेड तसाच राहतो आणि आवाज मात्र क्षीण होतो. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली, व्हॉल्व्ह गेला. चौथी परीक्षा सेट चक्क उचलून पाहण्याची. जड असेल तर आत ट्रान्सफॉर्मर आहे. हलका असेल तर तो ‘एसी-डीसी’ असण्याची शक्यता, आणि अशा सेटमध्ये विजेची एक तार थेट लोखंडी सांगाड्याला जोडलेली असे. बटनाची टोपी पडलेली असली आणि उघड्या दांडीला हात लागला, तर जोराचा धक्का बसे. गरीब घरात तुटलेली टोपी बदलायला कोण बसले होते? म्हणून लहान मुलांच्या घरी जाणकार माणूस जडच सेट घ्यायला सांगे.

पाचवी गोष्ट शॉर्ट वेव्हची. तिच्यामागे दिल्लीचे धोरण होते. 1952 मध्ये माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण केसकरांकडे आले आणि आकाशवाणीवरून सिनेगीते जवळपास हटली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सिलोन ऐकायचे तर शॉर्ट वेव्ह हवी. 1957 मध्ये विविध भारती आली तरी बुधवारची ती ओढ सुटली नाही. मेकॅनिक सांगतात की शॉर्ट वेव्ह साफ लागणाऱ्या जुन्या सेटला नुसत्या मीडियम वेव्हवाल्यापेक्षा हमखास जास्त पैसे मिळत. मंत्रालयातल्या एका निर्णयाने धामणगावच्या बाजारातल्या जुन्या पेटीची किंमत ठरावी, ही गोष्ट मला मोठी वाटते.

पण खरी मेख किमतीत नव्हती. जुना सेट घेणे सोपे, पोसणे कठीण. वीज नसलेल्या खेड्यात बॅटरीवरचा सेट अगदी कमी पैशात मिळे, कारण त्याला व्हॉल्व्हच्या तारेसाठी एक लहान आणि वरच्या दाबासाठी सुमारे 90 व्होल्टची एक मोठी बॅटरी लागे. ती मोठी बॅटरी उतरली की पुन्हा पैसे. म्हणून कित्येक घरांत सेट असे, बॅटरी नसे. आणि वीज असलेल्या घरीही लायसन्स चुकत नसे. 1960 च्या दशकात घरगुती लायसन्सला वर्षाला 15 रुपये पडत. वडिलांच्या 85 रुपयांच्या सेटवर सहा वर्षांत 90 रुपये लायसन्सचेच गेले असते. पेटीपेक्षा परवानगी महाग!

ही परवानगी कशाची होती, ते 1933 च्या बिनतारी संदेश कायद्यात पाहावे लागते. या कायद्याने विनापरवाना यंत्र ऐकणे नव्हे, तर जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला 100 रुपयांपर्यंत दंड, पुढच्याला 250 रुपयांपर्यंत, आणि यंत्र जप्त होऊ शके. शिवाय यंत्र ज्याच्या ताब्यात दिसते किंवा ज्याच्या जागेत आहे, ते त्याचेच असे कोर्टाला गृहीत धरता येई. जुना सेट घेणाऱ्याला याचा अर्थ स्पष्ट होता. आधीच्या मालकाने लायसन्स भरले की नाही, हा त्याचा प्रश्न. पेटी आता तुमच्या घरात आहे, तर गुन्हा तुमचा. आणि दंड पेटीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. म्हणूनच अडत्याने सेटबरोबर आपली वहीही वडिलांना दिली असावी, आणि वडिलांनी ती जन्मभर जपली. ती त्यांच्या दृष्टीने पेटी चोरीची नाही आणि चोरटी नाही, याचा पुरावा होती.

वडिलांच्या वहीत एक पान कोरे आहे, 1973 चे. आई सांगते, त्या वर्षी जिनाचा हंगाम बसला, पगार अडले. 15 रुपये निघेनात. वडिलांनी रेडिओ जुन्या लुगड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवला. वर्षभर तो लावला नाही. शेजारी विचारत तेव्हा “बिघडला” म्हणून सांगत. आपण ऐकत नाही, म्हणजे आपण गुन्हा करत नाही, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. कायद्याची भाषा वाचली तेव्हा मला कळले की लुगड्यात गुंडाळलेला मुका रेडिओही तितकाच बेकायदेशीर होता. वर्षभर घराने सोसलेल्या त्या शांततेने कायद्याचे काहीच पाळले गेले नाही. वडील हयात असते तर त्यांना हे सांगितले असते का, ते माझे मलाच ठरवता आलेले नाही.

1974 चे पान पुन्हा भरलेले आहे. पुढे 1979 पर्यंत सलग भरणा दिसतो. त्यानंतर सेट आमच्या मावसभावाकडे खेड्यात गेला, आणि तिथून ग्रामपंचायतीशेजारच्या एका टपरीवर. त्याची वही नाही. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओचे लायसन्सच उठले. म्हणजे सरकारदरबारी या सेटचे दोन धनी, आणि एका कोऱ्या पानासह मोजकी वर्षे. प्रत्यक्षात निदान चार घरे आणि टपरीवर बसणारे अर्धे गाव. लायसन्सचे आकडे वाचताना हे चारपट कानांचे गणित मनात धरले पाहिजे. नाहीतर वऱ्हाडातला गरीब माणूस रेडिओच्या इतिहासात बहिरा ठरतो.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने पुण्यात एक जुना स्टिरिओ रिसीव्हर पाहिला. रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच पेटीत, जपानी. पगार नवा, बजेट थोडे. त्याने मला फोन केला. मी म्हटले, “मागच्या पट्टीवर व्होल्टेज वाच.” 100 व्होल्ट लिहिलेले होते. तो सेट जपानच्या घरगुती विजेसाठी बनलेला. आपल्या 230 व्होल्टला लावला असता तर तिथेच जळाला असता. वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो खर्च किमतीत धर, आवाज शून्यावर नेऊन घुंऽऽ ऐक, बटन फिरवताना खरखर येते का पाहा, आणि पेटी उचलून वजन पाहा, असे सांगितले. तो म्हणाला, “काका, तुम्हाला हे कुठून माहीत?”

मी त्याला वह्यांचे सांगितले नाही. दिवाळीला आला की त्या त्याच्या हातात द्यायच्या आहेत, 1973 चे कोरे पान उघडून.