लिंडनच्या छायेंतला राजरस्ता

बर्लिन शहरांतील सर्वांत प्रसिद्ध रस्त्यास कोणा राजाचें नांव नाहीं, कीं सेनापतीचें नाहीं. ‘उंटर डेन लिंडन’, म्हणजे ‘लिंडन वृक्षांच्या खालीं’, एवढेंच त्याचें नांव. गेल्या पावणेचारशें वर्षांत हीं झाडें अनेकदां नाहींशीं झालीं, नांव मात्र टिकलें. तें कसें टिकलें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

लिंडन हा थंड प्रदेशांतला पानझडी वृक्ष. इंग्रज त्यास ‘लाइम’ म्हणतात; परंतु लिंबाशीं त्याचें कांहींएक नातें नाहीं. पानें हृदयाच्या आकाराचीं, आणि जून-जुलैंत येणारीं पिवळसर फुलें इतकीं सुगंधी कीं मधमाश्या त्यांभोंवतीं दाटी करतात. जुन्या काळीं जर्मन खेड्यांत याच्याच छायेंत न्यायसभा बसे. आपल्या गांवच्या पाराची आठवण व्हावी असा हा प्रकार. रस्त्याच्या शोभेस तो विशेष योग्य, कारण त्याची फांदी मातींत दाबली असतां मुळें धरते व एकसारखीं रोपें तयार होतात. छाटणी तो निमूटपणें सोसतो, आणि तोडलेल्या बुंध्यासही पुन्हां धुमारे फुटतात. मावा पडला म्हणजे पानांवरून चिकट थेंब गळतात, एवढाच काय तो दोष.

ब्रांडेनबुर्गचा अधिपति फ्रेडरिक विल्हेल्म यानें १६४७ सालीं आपल्या वाड्यापासून टियरगार्टन नांवाच्या शिकारीच्या रानापर्यंत हा रस्ता आखविला. तारुण्यांत तो हॉलंडमध्यें राहिला होता, आणि तेथील वृक्षराजी त्यानें पाहिली होती. तीस वर्षांचें युद्ध अद्याप संपलें नव्हतें. बर्लिनची वस्ती निम्म्यावर आली होती. अशा उजाड शहरांत त्यानें सुमारें एक हजार लिंडन व तितकींच अक्रोडाचीं झाडें सहा रांगांत लावविलीं. पुढें १६५८ मध्यें तटबंदीचें काम निघालें, तेव्हां त्यांतील कांहीं झाडें त्याच राजाच्या कारकीर्दींत तोडलीं गेलीं.

तरी रस्त्याचें वैभव वाढतच गेलें. १७४२ मध्यें तेथें संगीतगृह उघडलें, १७९१ मध्यें ब्रांडेनबुर्ग वेस पुरी झाली, आणि १८१० मध्यें विद्यापीठ सुरू झालें. आपल्या इरावतीबाई कर्वे यांस १९३० सालीं डॉक्टरेट मिळाली ती याच विद्यापीठाची. त्या वेळीं जुने वृक्ष उभे होते. पुढें हिटलरच्या राजवटींत, १९३४ नंतर, भुयारी लोहमार्गाच्या कामासाठीं ते तोडले गेले. त्यांच्या जागीं लहानशीं रोपें आणि उंच दीपस्तंभ आले. तेव्हां बर्लिनकर थट्टेनें रस्त्यास ‘कंदिलांच्या खालीं’ असें म्हणूं लागले.

मग युद्ध झालें. १९४५ नंतरच्या कडक हिंवाळ्यांत लोकांस कोळसा मिळेना. टियरगार्टनमधील सुमारें २,००,००० झाडांपैकीं जेमतेम ७०० उरलीं. बाकीचीं बाँबहल्ल्यांत गेलीं, नाहींतर सरपणासाठीं तोडलीं गेलीं. मोकळ्या जमिनींत बटाटे पिकविले जात. मुलें थंडीनें कुडकुडत असतां झाडावर कुऱ्हाड चालविणाऱ्यास दोष कोणीं द्यावा? परंतु त्याच लोकांनीं पुढें काय केलें तेंहि पाहावें. १७ मार्च १९४९ रोजीं, पश्चिम बर्लिनला रशियनांची कोंडी पडलेली असतां, नगराध्यक्ष एर्न्स्ट रॉयटर यांनीं टियरगार्टनमध्यें पुन्हां पहिलें झाड लावलें, आणि तें लिंडनचेंच होतें. इतर जर्मन शहरांनीं रोपें भेट दिलीं; कोंडीमुळें त्यांतील कांहीं विमानांनीं आणावीं लागलीं. या रस्त्यावरही पुढील दशकांत नवे लिंडन लागले. १९६१ मध्यें वेशीपाशीं भिंत उभी राहिली व १९८९ मध्यें ती उघडली. दोन्ही प्रसंगीं हे वृक्ष तेथें होते.

आज ज्या छायेखालून प्रवासी जातात, तींतील एकही झाड १६४७ चें नाहीं. राजानें एकदां लावलें, आणि पुढच्या प्रत्येक पिढीला तें पुन्हां लावावें लागलें. आपल्या रस्त्यांवरचे वड आणि चिंचा पडतात, तेव्हां त्या मोकळ्या खड्ड्याजवळ ही हकीकत आठवावी.