जुन्या गाडीचे ‘मिसिंग’ : आधी निदान, मग सुटे भाग

वसई-विरार परिसरात ‘एमएच ०४’ क्रमांकाच्या, म्हणजे हा भाग ठाणे जिल्ह्यात असताना नोंदल्या गेलेल्या, कितीतरी जुन्या गाड्या आजही धावताना दिसतात. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा मुसळधार पाऊस यांमुळे या गाड्यांना हमखास जडणारे दुखणे म्हणजे इंजिनाचे ‘मिसिंग’. प्लग बदलले, वायर बदलल्या, कार्ब्युरेटर साफ झाला, तरी गाडी धक्के खातेच. याचे कारण बहुधा एकच असते : निदानापूर्वीच उपचार सुरू झालेला असतो.

मिसिंग म्हणजे काय?

चार फेऱ्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या द्याव्या लागतात. त्यांतील काही वाया गेल्या की इंजिन अडखळते. ज्वलनासाठी तीनच गोष्टी लागतात : योग्य वेळी ठिणगी, हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण आणि पुरेसा दाब अर्थात कॉम्प्रेशन. दोष या तिन्हींपैकीच एकात असतो.

त्रास केव्हा होतो?

हा प्रश्न स्वतःला आधी विचारावा. केवळ दमट सकाळी किंवा पावसात त्रास होत असेल, तर संशय विद्युत भागांवर घ्यावा. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, पण वेग वाढविताच सुरळीत होते, अशा वेळी व्हॅक्यूम पाइप किंवा मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून जादा हवा शिरत असण्याची शक्यता असते. घोडबंदर मार्गावरील गायमुखच्या चढावर भरल्या गाडीने धक्के खाल्ले, तर कॉइल अशक्त झालेली असू शकते. कारण मिश्रण जितके अधिक दाबले जाते, तितकी ठिणगी उडण्यास अधिक विद्युतदाब लागतो. तुंबलेला पेट्रोल फिल्टर किंवा थकलेला पंपही चढावरच उघडा पडतो.

दोषी सिलिंडर कोणता?

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत अनुभवी मेकॅनिक इंजिन चालू असताना एकेका प्लगचे काम क्षणभर थांबवून पाहतात. ज्या सिलिंडरचे काम थांबविल्यावरही इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच निकामी. येथे विद्युतदाब हजारो व्होल्टचा असतो, म्हणून हा प्रयोग वाचकांनी स्वतः करू नये. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वायर उघडी ठेवल्यास महागडे भाग जळू शकतात. ओबीडी सुविधा असलेल्या गाडीत स्कॅनर लावावा : ‘पी ०३०१’ म्हणजे पहिला सिलिंडर, ‘पी ०३०२’ म्हणजे दुसरा, ‘पी ०३००’ म्हणजे अनेक सिलिंडरमध्ये होणारे मिसिंग.

त्या सिलिंडरचा प्लग काढून रंग पाहावा. फिकट तपकिरी म्हणजे निरोगी. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगी नाही. तेलकट म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील झिजलेले. मग तो प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये लावावा. दोष प्लगसोबत सरकला, तर प्लग खराब. जागीच राहिला, तर पुढे वायर, डिस्ट्रिब्यूटर कॅप, पॉइंट व कंडेन्सर तपासावेत. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवल्यास गळकी वायर निळसर ठिणग्यांनी स्वतःच ओळख देते.

पाणी आणि पेट्रोल

जुलै २०१८ सारख्या पुरात पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या जोडण्यांवर पुढे हिरवट गंज चढतो. तो वरून दिसत नाही. कॅपच्या आतील केसासारखी बारीक चीरही दमट हवेत ठिणगी पळविते. पंपावरील पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. दीर्घकाळ उभ्या गाडीची टाकी आणि नळ्या म्हणूनच तपासाव्यात.

शेवटची चाचणी

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही ठीक असतील, तर कॉम्प्रेशन मोजावे. शेजारच्या दोन सिलिंडरचा दाब एकत्रच कमी आढळला, तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. एकाच सिलिंडरचा दाब कमी असल्यास त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. दाब वाढला, तर रिंग झिजलेल्या. न वाढल्यास व्हॉल्व्ह. टॅपेट अति घट्ट असले तरी व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी ते पाहावेत.

एका वेळी एकच भाग बदलावा आणि गाडी चालवून पाहावी. अन्यथा दोष कशाने गेला, हे कधीच कळत नाही. मात्र मिसिंग अंगवळणी पाडून घेऊ नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून निकामी करते. अहमदाबाद महामार्गावर मागून अवजड ट्रक येत असताना गाडीने मान टाकली, तर प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा उरत नाही.