अकरा खेळाडू, सात सह्या

मुदखेड म्हटले की लोकांना रेल्वेचे जंक्शन आठवते आणि आमच्याकडची फुलांची शेती आठवते. या गावात एके काळी फुटबॉलचा संघ होता, हे मात्र कुणाला आठवणार नाही. त्याची नोंदच कुठे नाही.

गोष्ट १९८० च्या दशकातली. रुळांपलीकडच्या माळावर आम्ही संध्याकाळी खेळायचो. दगडांचे गोलखांब होते. चेंडू एकच. तो पंक्चर झाला की सायकलच्या दुकानात नेऊन ब्लॅडरला ठिगळ लावून आणायचा. १९८६ चा विश्वचषक दूरदर्शनवर दिसला आणि त्यानंतर महिनाभर आमच्यातला प्रत्येक जण मॅराडोना होता. बूट कुणाकडेच नव्हते. मी हट्ट धरला तेव्हा अब्बा म्हणाले, "बेटा, बूट बाद में लेंगे, पहले पैर सीधा डाल."

अब्बांना हे बोलण्याचा अधिकार होता. त्यांचे बालपण हैदराबाद संस्थानात गेले. तेव्हा आमचा नांदेड जिल्हा त्याच संस्थानात होता आणि हैदराबाद म्हणजे फुटबॉलचे माहेरघर. हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. त्यांच्याच हाताखाली भारताने १९५१ मध्ये दिल्लीत आणि १९६२ मध्ये जकार्तात आशियाई सुवर्णपदक मिळवले, आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. नूर मोहम्मद, अझीझ ही नावे अब्बा घरातल्या माणसांसारखी घ्यायचे.

पण १९५६ मध्ये भाषावार राज्ये झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद परराज्यात गेले. १९६३ मध्ये रहीमसाहेब वारले. हळूहळू हैदराबादच्या फुटबॉलचा दबदबाही ओसरला. २०२४ मध्ये त्यांच्यावर 'मैदान' हा हिंदी चित्रपट आला, तेव्हा नव्या पिढीला त्यांचे नाव पहिल्यांदा कळले. अब्बा तोपर्यंत राहिले नव्हते.

मी पुष्कळदा विचार केला की एवढा मोठा खेळ आमच्या भागात मागे काहीच कसा ठेवून गेला नाही? याचे उत्तर मला कोल्हापुरात मिळाले.

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनासाठी तिथे गेलो होतो. दुपारी रिक्षावाल्याला म्हटले, संमेलनाच्या मांडवात सोडा. तो म्हणाला, "साहेब, आज मॅच आहे, शाहू स्टेडियमकडनं रस्ता मिळायचा नाही." मी मांडव सोडून स्टेडियमवरच गेलो. हजारो माणसे. आजोबा, नातू, भाजीवाले, वकील. दोन्ही संघ त्याच शहरातले, दोन पेठांचे. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारले, "तुमचा संघ कुठला?" त्याने संघाचे नाव सांगितलेच नाही. म्हणाला, "आमची तालीम."

आमच्या घरात तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. कोल्हापुरात तालीम म्हणजे या दोन्ही गोष्टी, आणि वर फुटबॉलचा क्लबही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. दिलबहार! एखाद्या गझलेत शोभावे असे नाव, आणि ते जर्सीवर.

राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले. पेठोपेठीच्या तालमींना त्यांचे बळ मिळाले. फुटबॉलही संस्थानी काळातच रुजला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. आता खरी गोष्ट पुढे आहे. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला की खेळ जातो, असा आपला अनुभव. इथे तसे झाले नाही. राजघराण्याचा जिव्हाळा अजूनही आहे, पण संघ पेठेचा आहे. त्याच तालमीत गणपती बसतो. कित्येक तालमींत मोहरमचे पंजेही बसतात. २०१८ आणि २०१९ मध्ये दोन्ही सण एकत्र आले, तेव्हा बाबूजमाल तालमीत गणपती आणि पंजा शेजारी शेजारी बसले. ज्या घरात सण होतो त्या घराला वारस मिळतातच. खेळाडू निवृत्त होतो, तालीम निवृत्त होत नाही.

तिथे सगळे गोड आहे असे नव्हे. पेठांची ईर्ष्या कधी हाताबाहेर जाते, दगड उडतात, पोलीस येतात. काही हंगामांत नायजेरियासारख्या दूरदेशीचे खेळाडू आणले गेले आणि पैशाचे गणित बदलले. तरीही याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा असेल असे मला वाटत होते. मग जर्मनीविषयी वाचले आणि हसू आले. १८११ मध्ये फ्रीडरिश लुडविग यान नावाच्या शिक्षकाने बर्लिनजवळ मोकळ्या माळावर व्यायामाचा आखाडा सुरू केला. तिथून गावोगाव व्यायाममंडळे निघाली. फुटबॉल पुढे आला तेव्हा यातल्या अनेक मंडळांनी त्याला आपल्या घरात जागा दिली. म्हणून तिकडे आजही कित्येक फुटबॉल क्लबांच्या नावात व्यायाममंडळाची खूण असते आणि स्थापनेचे वर्षही असते. होफेनहाइम हे तीनेक हजार वस्तीचे खेडे. तिथले व्यायाममंडळ १८९९ चे. १९४५ मध्ये ते गावच्या फुटबॉल संघाशी जोडले गेले, आणि एका धनिकाच्या मदतीने २००८ मध्ये देशाच्या सर्वोच्च साखळीत पोहोचले. बाकीची हजारो खेडी अशी उंची गाठत नाहीत. रविवारी खेळतात, हरतात, पुढच्या रविवारी पुन्हा खेळतात.

तिकडच्या कायद्यात संस्था नोंदवायला किमान सात सभासद लागतात. आपल्याकडचा संस्था नोंदणी कायदा १८६० चा. त्यातही आकडा सातच आहे.

हा आकडा वाचला आणि मी पुस्तक मिटून बसलो. आम्ही अकरा जण होतो. सात सह्या कधी झाल्या नाहीत. एक जण पोलीस भरतीत गेला, दोघे रेल्वेत, एक आखाती देशात. मी बी.ए. साठी नांदेडला आलो आणि कविता करू लागलो. माळावर घरे उठली. आमच्यानंतरची पोरे कुठे खेळली असतील, त्यांना आम्ही काय दिले? चेंडूसुद्धा नाही. हैदराबादचा संघ पोलीस खात्याचा होता, आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या. आपला संघ आपण उभा करायचा असतो हे आम्हाला कुणी शिकवले नाही, आणि आम्हीही कुणाला शिकवले नाही.

गेल्या रमजान ईदला आमच्यातले पाच जण गावात भेटले. गुडघे धरून उठणारी माणसे. शिरखुर्मा झाल्यावर मी एक वही काढली. अकरा नावे आठवून लिहिली. कोण गोलकीपर होता यावरून तासभर भांडण झाले. शेवटी संघाचे नाव काय लिहायचे, असा प्रश्न आला. कुणी तरी म्हणाले, "तालीम लिही."

तसे लिहिले. खाली पाच सह्या झाल्या आहेत. दोन बाकी आहेत.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)