फ्रेंच केक आणि चण्यांचे पाणी

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजली की तिचे वरचे पाणी आपल्या घरी कोणी फेकून देत नाही. त्या कटाची आमटी होते, आणि पुष्कळांना पुरणपोळीपेक्षा आमटीच अधिक प्रिय असते! फ्रान्समध्ये मात्र शिजलेल्या काबुली चण्यांचे पाणी बहुधा मोरीतच जायचे. २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या एका फ्रेंच गायकाने ते फेसून पाहिले आणि त्याला अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा फेस आला.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा फेसाचे इतिहासाच्या प्राध्यापकाला काय कौतुक? तेच आज सांगणार आहे.

फ्रेंच केकमध्ये अंड्यांचे राज्य आहे. ब्रिटनी प्रांतातल्या एका घरगुती केकचे नाव आहे 'कात्र-कार', म्हणजे चार चतकोर. मैदा, साखर, लोणी आणि अंडी हे चारही जिन्नस सारख्या वजनाचे. 'जेनवाज' नावाच्या केकात अंडी आणि साखर कोमट करून इतकी फेसतात की, त्या फेसातल्या हवेवरच केक फुगतो. अंडे काढले तर केकचा कणाच मोडला, असे तिथल्या कारागिरांना वाटले तर त्यात नवल नाही. पण त्या चार चतकोरांपैकी दोन चतकोर फ्रान्सने यापूर्वीच बदलून पाहिले आहेत, बरं का!

पहिला चतकोर साखरेचा. अठराव्या शतकात फ्रान्सला साखर यायची ती मुख्यतः कॅरिबियन समुद्रातल्या सें-दोमिंग या वसाहतीतून. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तिथल्या उसाच्या मळ्यांत राबत आणि मरत. पॅरिसच्या गोडव्यामागे हे रक्त होते. १७९१ साली त्या गुलामांनी बंड केले, आणि १८०४ साली तिथे हैती हे स्वतंत्र राष्ट्र उभे राहिले. पुढे १८०६ साली नेपोलियनने इंग्लंडशी व्यापारबंदी पुकारली आणि साखर फारच महागली. बीटाच्या कंदात साखर असते हे बर्लिनच्या मार्गग्राफने १७४७ सालीच दाखवले होते. गरज पडल्यावर फ्रान्सने ते मनावर घेतले. १८१२ च्या जानेवारीत पॅरिसजवळच्या पासी गावी देलेसेर यांच्या कारखान्यातली बीटाची साखर पाहून नेपोलियनने त्यांचा गौरव केला.

दुसरा चतकोर लोण्याचा. आरमारासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी हवे, अशी तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारची इच्छा होती. १८६९ साली मेज-मूरिये या रसायनतज्ज्ञाने गुरांच्या चरबीपासून मार्गारीन बनवले. पुढे निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन जोडण्याची विद्या साबात्ये या फ्रेंच शास्त्रज्ञाने सिद्ध केली; त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीत नॉर्मन यांनी १९०२ साली ती तेलाला लावली, आणि वनस्पतींच्या तेलापासून घट्ट मार्गारीन करता येऊ लागले. आपले वनस्पती तूपही त्याच विद्येचे अपत्य.

राहिले अंडे. १८४३ साली इंग्लंडमध्ये आल्फ्रेड बर्ड यांनी बेकिंग पावडर तयार केली ती पत्नीसाठी. तिला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नसत. पुढे १९४४ साली तिथेच डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी 'व्हीगन' हा शब्द रूढ केला. अंडी, दूध, लोणी, मध, प्राण्यापासून येणारे काहीच हे लोक खात नाहीत. आपल्याकडचा आटवलेल्या दुधाचा बिनअंड्याचा केकसुद्धा त्यांना चालणार नाही! कोंबडी पिंजऱ्यात कशी ठेवतात, वासराच्या वाटणीच्या दुधाचे काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. त्यांचे उत्तर आपल्याला पटो न पटो, प्रश्न मात्र खरा आहे.

रोसेलच्या फेसाचे महत्त्व इथे आहे. २०१५ साली गूस वोल्ट या अमेरिकन गृहस्थाने दाखवले की, नुसते चण्यांचे पाणी आणि साखर यांपासूनही 'मेरँग' ही फ्रेंच मिठाई जमते. तिला मंद आचेवर तास-दीड तास वाळवायचे.

मी घरी करून पाहिले. पहिल्यांदा फसले; पाणी पातळ होते, फेस धरेना. मग ते उकळून अंड्याच्या बलकाइतके दाट केले, गार केले, लिंबाचे दोन थेंब पिळले आणि बीटरने दहा मिनिटे फेसले. पांढरे शुभ्र शिखर उभे राहिले! चण्यांतली प्रथिने पाण्यात उतरतात, ती हवेला धरून ठेवतात. पण उष्णतेने ती अंड्याइतकी घट्ट होत नाहीत, म्हणून अशा पाण्याचा 'जेनवाज' जरा बसकाच होतो. हे कबूल केले पाहिजे.

'चार चतकोरां'च्या धर्तीचा साधा केक मात्र घरी सहज होतो. दीड वाटी मैदा, एक वाटी साखर, पाव वाटीहून थोडे जास्त तेल, एक वाटी नारळाचे दूध, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि शेवटी दोन चमचे लिंबाचा रस. भट्टी नसेल तर जाड पातेल्याच्या तळाशी मीठ पसरून, त्यावर डबा ठेवून मंद आचेवर भाजावा.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. हैती, नेपोलियन, हायड्रोजन हे वेगवेगळ्या तासांचे विषय मुलांना एका केकच्या तुकड्यात भेटतील. आणि आपल्या ताटातला गोडवा कोणाच्या कष्टावर आला, हे विचारायची सवय लागली, तर इतिहास शिकवल्याचे सार्थक झाले म्हणायचे.