स्काउटमास्तर : स्वेच्छासेवा आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न

बालवीर चळवळीचा इतिहास लिहिताना बेडन-पॉवेल यांचे चरित्र आणि बालवीरांचा शिक्षणक्रम यांनाच बहुतेक सारी जागा मिळते. आपल्या संध्याकाळी व उन्हाळ्याची सुटी विनावेतन खर्चणारा प्रौढ स्काउटमास्तर कडेलाच राहतो. चळवळीच्या कारभारात त्याचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र इंग्लंडात आरंभीच वादाचा झाला होता.

हे स्थान मुळात आखलेलेच नव्हते. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरले. जानेवारी १९०८ पासून ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक चार पेन्स किमतीच्या पाक्षिक भागांनी निघू लागले. बॉइज ब्रिगेडसारख्या प्रस्थापित संस्था ही योजना उपयोगात आणतील, अशी लेखकाची अपेक्षा होती. प्रत्यक्षात मुलांनीच ठिकठिकाणी आपापले संघ जुळविले आणि मग ती एखादा प्रौढ शोधू लागली. अनुयायी आधी व नायक नंतर, असा हा विलक्षण क्रम होय. कोठे शिक्षक, कोठे पाद्री, तर कोठे कचेरीतील तरुण कारकून पुढे आला. मुख्यालयाने नेमणूकपत्राची पद्धत बसविली ती त्यानंतर.

परंतु नेमणूकपत्र देणाऱ्यास ते काढूनही घेता येते. वरच्या आयुक्तपदांवर सेनाधिकाऱ्यांचा मोठा भरणा होता. त्यामुळे चळवळ लष्करी वृत्तीची की नागरिकशिक्षणाची, हा वाद संशोधकांत बराच रंगला आहे. आयुक्त व स्काउटमास्तर यांना एकाच मापाने मोजल्यामुळे त्यात गोंधळ माजतो, असे आम्हांस वाटते. १९०९ मधील सर फ्रान्सिस व्हेन यांचे प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. व्हेन हे स्वतः बोअर युद्धात भाग घेतलेले अधिकारी. पण लष्करशाहीचे टीकाकार. लंडनचे आयुक्त या नात्याने त्यांनी कारभार लोकशाही पद्धतीचा असावा असा आग्रह धरला आणि वर्ष संपण्यापूर्वीच त्यांचे पद गेले. लंडनमधील अनेक स्काउटमास्तर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण मुख्यालयाचा निर्णय फिरविण्याचे कोणतेही वैध साधन त्यांच्या हाती नव्हते. राजीनामा हेच त्यांचे मत! व्हेन ‘ब्रिटिश बॉय स्काउट्स’ या प्रतिस्पर्धी संघटनेत गेले, तिच्यासाठी द्रव्य ओतले आणि १९१२ मध्ये त्यांचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी मूळ संघटनेस राजसनद मिळाली.

पहिल्या महायुद्धाने असंख्य स्काउटमास्तर आघाडीवर नेले. कित्येक पथके थोराड संघनायकांनी चालविली; १९१६ पासून लहान मुलांच्या ‘वुल्फ कब’ पथकांतून स्त्रियाही नायकत्व करू लागल्या. पुढे १९१९ मध्ये डब्ल्यू. द बॉइस मॅक्लॅरेन यांच्या देणगीतून गिलवेल पार्क विकत घेण्यात आले व सप्टेंबरात तेथे पहिला ‘वुड बॅज’ वर्ग भरला. प्रौढांनी मुलांप्रमाणे संघ करून तंबूत राहावयाचे, असा त्याचा परिपाठ होता. ज्या स्वयंसेवकास मत मिळाले नाही, त्यास येथे विद्या, लाकडी मण्यांचे चिन्ह आणि बंधुभाव मिळाला. या मोबदल्याने तो बव्हंशी संतुष्ट झाला, हे चळवळीच्या पुढील स्थैर्यावरून दिसते.

हिंदुस्थानात तंटा निराळ्या मुद्द्यावर होता. येथे १९०९ मध्ये आलेली चळवळ आरंभी युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. म्हणून १९१६ मध्ये मद्रासेस ॲनी बेझंट यांनी आणि १९१८ मध्ये अलाहाबादेस सेवा समितीने आपापल्या संघटना काढल्या. येथील स्काउटमास्तर पुष्कळदा शाळेतील शिक्षकच असे. त्याची स्वेच्छा कितपत आणि मुख्याध्यापकांची आज्ञा कितपत, हे शाळांच्या जुन्या दप्तरांतूनच शोधावे लागेल.