पोटमाळा आणि पोटभाडेकरू

एका वस्तूंत सामावलेल्या दुसऱ्या वस्तूस 'पोट' हें उपपद लावण्याची आपल्या भाषेची रीत आहे. पोटजात, पोटकलम हे शब्द सर्वत्र चालतात. परंतु गिरगांव, परळ, लालबाग येथील रहिवाशांच्या विशेष परिचयाचे शब्द दोनच: पोटमाळा आणि पोटभाडेकरू. घरांत दुसरें घर वसूं लागलें, तेव्हां कायद्यानें त्याकडे कसें पाहिलें, हें आज सांगावयाचें आहे.

१८९६ सालीं मांडवींत प्लेग प्रगट झाला आणि मुंबईच्या अंधाऱ्या खोल्यांकडे राज्यकर्त्यांचें लक्ष गेलें. १८९८ सालीं सुधार ट्रस्ट स्थापन झाला. त्याचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनीं साडेत्रेसष्ट अंशांच्या प्रकाशकोनाचा आग्रह धरिला. भूमिति शिकलेल्यांस तो चटकन् उमगेल: समोरील भिंतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असूं नये, म्हणजे तळच्या खोलीसहि आकाशाचा तुकडा दिसतो. नियम चांगलाच होता. परंतु त्याची मोजपट्टी बाहेर लागे. दाराच्या आंत एकाच्या जागीं तीन बिऱ्हाडें झालीं, तर कोन तोच राही!

आणि आंत तर तेंच घडत होतें. १९२० नंतर डेव्हलपमेंट खात्यानें वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें चाळी उभारिल्या; खोली एकशेंसाठ चौरस फुटांची. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून गिरणींत आलेला गडी गांवच्या माणसाच्या खोलींत उतरे. त्याची वळकटी तेथें, जेवण खानावळींत. रात्रपाळीचा उठला कीं दिवसपाळीचा त्याच जागीं आडवा होई. पुढें गड्याचें लग्न होई, फळ्या ठोकून माळा निघे आणि शिडीवर नवा संसार मांडला जाई. भाडेपावती मात्र एकाच्याच नांवाची.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें पोटभाडें बेकायदेशीर ठरविलें. बंदीनें माणसें थांबलीं नाहींत. तीं फक्त पावतीवांचून राहूं लागलीं. अखेर २१ मे १९५९ पूर्वीं राहत असलेल्या पोटभाडेकऱ्यांस संरक्षण द्यावें लागलें. मग 'परवानगीनें राहणारा' ही नवी जात निघाली. १ फेब्रुवारी १९७३ रोजीं करारानें राहणाऱ्यांस कायद्यानें भाडेकरू मानिलें. अट एवढीच कीं, ताब्यांतील भाग एका खोलीहून कमी नसावा. या एका शब्दसमूहापाशीं मी नेहमीं थबकतों. ज्याच्याजवळ खोलीचा केवळ कोपरा होता, त्याची गरज सर्वांत मोठी. आणि तोच बाहेर राहिला. उलट ज्यांच्या घरीं एखादी खोली रिकामी होती, त्यांनीं धास्तीनें तिला कुलूप घातलें. १९९९ च्या कायद्यानें, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला, करार संपतांच जागा परत मिळविण्याची सोय केली.

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें २०१६ सालीं आवारांत दुसरें लहान घर बांधण्याची वाट सोपी केली. तेथें आवार तरी आहे!

वरळीच्या त्या चाळींतील कांहीं कुटुंबांस २०२५ सालीं पांचशें चौरस फुटांचीं नवीं घरें मिळालीं. जुन्या खोलीमागें नवें घर एक. माळ्यावर संसार थाटलेल्या धाकट्या भावाचा हिशोब भावाभावांनींच करावयाचा आहे.