टिकलीच्या पिस्तुलाची कुलकथा

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्याजवळील बेल्हेल्वी या गावचे पाद्री अलेक्झांडर फॉर्साइथ यांना पाणपक्ष्यांच्या शिकारीचा विलक्षण नाद होता. परंतु चकमकीच्या बंदुकीचा घोडा पडावा, ठिणगीने रंजक, म्हणजे पेटणीची दारू, पेटून त्याचा लखलखाट व्हावा आणि मग क्षणभराने नळीतील बार उडावा, एवढ्या अवकाशात सावध पक्षी बुडी मारून निसटत असे. आघात होताच स्वयमेव पेट घेणारी द्रव्ये रसायनशास्त्रज्ञांना त्या सुमारास ज्ञात झालेली होती. त्यांची योजना रंजकाच्या जागी करण्याची युक्ती या धर्मोपदेशकाने काढली आणि १८०७ साली तिचे पेटंट मिळविले. पुढील दोन-तीन दशकांत त्या द्रव्याचा अल्पसा अंश तांब्याच्या इवल्याशा टोपीत भरून ती टोपी घोड्याखाली बसविण्याची रीत निघाली आणि तोड्याच्या व चकमकीच्या बंदुकांचा शतकानुशतकांचा अंमल संपुष्टात आला. ज्या एन्फील्ड रायफलीच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून १८५७ साली हिंदुस्थानात असंतोषाचा वणवा भडकला, ती रायफलही टोपीचीच होती.

प्रत्येक बाराला नवी टोपी बोटांनी बसविणे थंडीत व धांदलीत सैनिकास जड जाई. यावर एडवर्ड मेनार्ड नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने उपाय शोधला. कागदाच्या दोन अरुंद पट्ट्यांमध्ये स्फोटक द्रव्याचे ठिपके ठरावीक अंतरावर चिकटवून त्याने त्या पट्टीची गुंडाळी केली, आणि घोडा चढविला की पट्टी एक ठिपका पुढे सरकावी अशी यंत्रणा १८४५ साली पेटंट केली. अमेरिकन सैन्याने काही वर्षे ती वापरलीही. पण कागद दमट हवेत दगा देऊ लागला, तेव्हा सरकारने ती सोडून पुन्हा तांब्याच्या टोपीचा अवलंब केला. दिवाळीत आपल्याकडील मुले पत्र्याच्या पिस्तुलात टिकल्यांचा जो तांबडा रोल घालतात, त्याची घडण पाहिली म्हणजे या दंतवैद्याच्या पट्टीशी असलेले त्याचे नाते सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर ओतीव लोखंडाची टिकली उडविणारी पिस्तुले तेथील खेळण्यांच्या कारखान्यांतून बाहेर पडू लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर लोखंडाची जागा जस्ताच्या मिश्रधातूने घेतली, आणि चित्रपटांतील व दूरचित्रवाणीवरील घोडेस्वार नायकांच्या लोकप्रियतेमुळे या धंद्यास भरभराटीचे दिवस आले. त्यांतील एकाच नगाचा उल्लेख येथे करतो. टेक्सासमधील निकोल्स कंपनीने १९५० साली काढलेल्या ‘स्टॅलियन ४५’ या पिस्तुलाचे काडतूस दोन भागांत उघडे, मध्ये टिकली ठेवून ते पुन्हा मिटविता येई आणि खऱ्या पिस्तुलाप्रमाणे फिरत्या चक्रात भरता येई. नुसत्या आवाजावर समाधान मानणाऱ्या खेळण्यात येथे यंत्राच्या यथार्थतेची आकांक्षा प्रविष्ट झाली.

ही आकांक्षा पराकोटीस नेली ती जपानने, आणि त्यामागे त्या देशाची विशिष्ट परिस्थिती होती. १५४३ साली पोर्तुगीजांकडून तोड्याची बंदूक हस्तगत होताच अल्पावधीत ती स्वतः घडवू लागलेला हा देश, तत्कालीन सत्ताधीश हिदेयोशी याच्या १५८८ च्या हुकुमाने शेतकऱ्यांकडील शस्त्रांची जप्ती झालेली पाहून चुकला होता. दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर आणि विशेषतः १९५८ च्या शस्त्रविषयक कायद्यानंतर तर सामान्य नागरिकाने पिस्तूल बाळगणे जवळजवळ अशक्य झाले. त्याच वेळी पडद्यावर मात्र पाश्चात्त्य साहसपट आणि पाठोपाठ जेम्स बाँड अवतरला होता. जी वस्तू डोळ्यांना नित्य दिसते आणि हाताला कधीच लागत नाही, तिची अंतर्रचना जाणून घेण्याची तीव्र उत्कंठा तेथील तरुणांत उत्पन्न झाली. टोकियोतील एमजीसी या संस्थेने १९६० नंतरच्या काही वर्षांत परदेशी खेळण्यांत सुधारणा करण्यापासून प्रारंभ केला आणि लवकरच स्वतंत्र आकृतिबंधाची पिस्तुले निर्माण केली. चाप ओढताना बोटाच्याच बळाने वरची सरकती पट्टी मागे जावी व रिकामे काडतूस बाहेर पडावे, अशी एक कल्पक योजना तिने आणली. तिला छंदिष्ट मंडळी ‘तानिओ अॅक्शन’ म्हणत.

पुढे हे बोटाचे बळही अनावश्यक ठरले. काडतुसाच्या पुढच्या टोकास टिकली बसवावयाची आणि नळीच्या बुडाशी एक पक्की खुंटी रोवून ठेवावयाची. घोड्याच्या आघाताने काडतूस पुढे सरकून टिकली त्या खुंटीवर आदळली की फुटते, आणि कोंडलेला वायू काडतुसासह सरकत्या पट्टीला मागे ढकलतो. रिकामे काडतूस उडते, पट्टी परतताना दुसरे उचलते, घोडा चढलेला राहतो. नळी भरीव असल्यामुळे पुढे काहीच बाहेर पडत नाही. गोळीवाचून सारे गतिचक्र पूर्ण करणारे हे यंत्र मला खऱ्या शस्त्राच्या अनुकृतीपेक्षा घड्याळजीच्या कौशल्याच्या अधिक जवळचे वाटते, आणि त्याचे मोल ओळखावयाचे तर ते याच दृष्टीने.

तथापि आकृतीचे साम्य निरुपद्रवी राहिले नाही. ३१ मार्च १९७० रोजी नऊ तरुणांनी जपान एअरलाइन्सचे ‘योदो’ नावाचे विमान पळविले. त्यांच्या हातांतील शस्त्रे नकली होती, हे पुढे उघडकीस आले. परंतु ज्यांच्यावर ती रोखली गेली त्यांची भीती खरीच होती. १९७१ साली कायद्यात दुरुस्ती होऊन धातूच्या नकली पिस्तुलाची नळी बुजविलेली असावी आणि त्याचा बाह्यभाग पांढरा किंवा पिवळा असावा, असा दंडक घालण्यात आला. विक्रीबरोबरच बाळगण्यासही तो लागू होता. सबब घरोघरच्या काळ्याभोर पिस्तुलांनाही रंग चढवावा लागला. कारखानदारांनी पिवळ्याचा अर्थ सोनेरी मुलाम्याने साधला, आणि आज संग्राहकांच्या पेट्यांत जी सुवर्णकांतीची पिस्तुले दिसतात त्यांचा उगम या फर्मानात आहे. १९७७ च्या दुसऱ्या दुरुस्तीने धातूच्या कठिणपणावर व अंतर्रचनेवर बंधने आली, जेणेकरून नकलीचे असली करणे असाध्य व्हावे. निर्मात्यांच्या संघाने नियमबद्ध नगावर ‘एसएम’ ही मुद्रा उमटविण्याचा प्रघात पाडला. हात-पिस्तुले मग प्लॅस्टिकची होऊ लागली, कारण त्यांना काळा रंग वर्ज्य नव्हता. आणि वजन कमी पडते म्हणून प्लॅस्टिकमध्ये धातूची भुकटी मिसळण्याची कृतीही पुढे निघाली.

या कायद्यांमुळे कलेचा संकोच झाला, अशी तक्रार जुने छंदिष्ट करीत आले आहेत. ती मला ग्राह्य वाटत नाही. बाह्यरूपाने फसविण्याचा मार्ग बंद झाल्यावरच निर्मात्यांचे सारे बुद्धिवैभव आतील गतीकडे वळले; बंधनानंतरच्या दशकातील यंत्ररचना आधीच्या कोणत्याही रचनेहून सरस आहे. या व्यवसायाला ओहोटी लागली ती प्लॅस्टिकच्या बारीक गोळ्या फेकणाऱ्या हवेच्या बंदुकांमुळे, ज्यांचा प्रसार १९८० नंतर झपाट्याने झाला. एमजीसीची निर्मिती १९९० च्या दशकात थांबली. जुने नग त्यामुळे दुर्मिळ झाले आणि त्यांच्या जोपासनेचा प्रश्न निकडीचा बनला.

जोपासनेचे सारे मर्म टिकलीच्या रसायनात आहे. तिच्यात मुख्यतः पोटॅशियम क्लोरेट आणि तांबडा फॉस्फरस असतो. बार होताच क्लोरेटचे क्लोराइड बनते. हा क्षार मिठाचाच सहोदर असून पावसाळ्यातील मिठाच्या बरणीप्रमाणे हवेतील ओल शोषून घेतो. फॉस्फरसच्या धुरातून आर्द्रतेच्या संयोगाने आम्ल तयार होते. या दोहोंच्या संगनमताने पोलादी कमान एका रात्रीत तांबूस पडते आणि जस्ताच्या धातूवर पांढरी बुरशीसारखी पूड जमते. नुसते तेल चोपडल्याने क्षार विरघळत नाही, उलट तेलाच्या थराखाली तो सुरक्षित राहतो. त्याला विरघळविणारे द्रव्य पाणीच. म्हणून बार उडविले त्याच दिवशी पिस्तूल खोलावे, काडतुसे सुटी करावीत, सर्व भाग साबणाच्या कोमट पाण्यात मऊ कुंचल्याने धुवावेत, कापडाने टिपून सांधीकोपऱ्यांतील ओल पूर्ण वाळू द्यावी आणि त्यानंतरच तेलाचा विरळ हात फिरवावा. लष्करातील जुनी शिस्त याहून निराळी नव्हती. ब्रिटिश सैनिक ली-एन्फील्ड रायफलीच्या नळीत नसराळ्याने उकळते पाणी ओतीत, कारण तिच्या काडतुसातील पेटणीतही क्लोरेटच होते.

सोनेरी मुलाम्याचा थर अत्यंत पातळ असतो. पितळेची भांडी चकचकीत करणारी भुकटी त्यावर घासली तर मुलामा निघून खालचे करडे जस्त उघडे पडते आणि मूळ दंडकाने मागितलेला रंगच नष्ट होतो. फार जुन्या जस्ती खेळण्यांना आणखी एक असाध्य व्याधी जडलेली असते: धातूत शिशाचा अंश मिसळलेला असेल तर तो आतूनच फुगून तडकतो, आणि कोणत्याही तेलाने ते विघटन थांबत नाही. १९२९ साली न्यू जर्सी झिंक कंपनीने अतिशुद्ध जस्तापासून ‘झॅमॅक’ हे मिश्रण सिद्ध केल्यावर हा दोष पुढच्या पिढ्यांपुरता बव्हंशी निवारला गेला.

आपल्या देशात शस्त्र बाळगण्यास सरकारी परवाना आवश्यक करणारा १८७८ चा कायदा परकी सत्तेने लादला होता, आणि त्याविरुद्ध राष्ट्रसभेने वर्षानुवर्षे ठराव केले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचे सहावे कलम नकली शस्त्राचे परवान्यावाचून खऱ्या शस्त्रात रूपांतर करण्यास मनाई करते. म्हणजे जपानी कायद्याला जी भीती वाटली, ती आपल्या कायदेकर्त्यांनाही अपरिचित नव्हती. असे पिस्तूल ज्यांच्या संग्रही असेल त्यांना माझी विनंती एवढीच आहे: भरीव नळी आणि पिवळा रंग ही त्याच्या इतिहासाची अंगे आहेत, ती बदलू नका, रस्त्यावर ते उघडे नेऊ नका, आणि शेवटची टिकली फुटल्यावर निजण्यापूर्वी ते पाण्याने धुवा.